दहा रुपयांचा घोडा आणि साडेबारा टक्के

पनवेलच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदल्या जाणाऱ्या खरेदीखतांची शेवटची पाने वाचली, तर मजकूर जवळजवळ सारखाच सापडतो. लिहून देणार म्हणतो, हे खत मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. पुढे म्हणतो, ठरलेली संपूर्ण रक्कम मला भरून पावली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खाली सह्या, अंगठे, फोटो आणि दोन साक्षीदार. मात्र ‘ही किंमत रास्त आहे’ असे त्या खतात कुठेही लिहिलेले नसते. कायद्याने ते लिहायला सांगितलेलेच नाही.

आपल्याकडे करारांचा मूळ कायदा म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२. दोन माणसांत काही ठरले, एवढ्यावर या कायद्याचे समाधान होत नाही. तो विचारतो, एकाने दिले आणि त्याबदल्यात दुसऱ्याने काय दिले? या ‘त्याबदल्यात’ला कायद्याच्या मराठीत प्रतिफल म्हणतात, बोलताना आपण मोबदला म्हणतो. कलम २(ड) मध्ये त्याची व्याख्या आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्याने काही केले, करायचे टाळले किंवा तसे करण्याचे वचन दिले, तर ते प्रतिफल. पैसेच द्यायला हवेत असे नाही. दावा मागे घेणे हे प्रतिफल, बांधावरून बैलगाडी नेऊ देणे हेही प्रतिफल. पण कलम २५ सांगते, की प्रतिफल मुळीच नसेल तर काही मोजके अपवाद सोडून करारच व्यर्थ.

ब्रिटिश अमदानीतली काही जुनी प्रकरणे यासाठी आजही शिकवली जातात. हावड्यात नगरभवन बांधायचे ठरले आणि एका गृहस्थाने शंभर रुपये वर्गणीचा आकडा घातला. त्या आकड्यांच्या भरवशावर नगरपालिकेच्या आयुक्तांनी कंत्राटदाराला काम दिले. पुढे गृहस्थ फिरले. १८८६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना पैसे द्यायला लावले, कारण त्यांच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने जबाबदारी अंगावर घेतली होती. याउलट १९१४ च्या एका प्रकरणात मशिदीच्या दुरुस्तीसाठी पाचशे रुपये कबूल झाले होते, पण दुरुस्ती सुरूच झाली नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने वसुली नाकारली. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणीवही गावात फिरते तेव्हाही हाच फरक लागू पडतो. पाथरवट कामाला लागला की नाही, यावर आकडा वसूल होण्याजोगा आहे की नुसता पुण्याचा संकल्प, हे ठरते.

म्हणजे काहीतरी मिळायला हवे. पण किती? इथे कायदा हात आखडता घेतो, आणि तेही उघडपणे. कलम २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की संमती मोकळी असेल तर केवळ प्रतिफल अपुरे आहे म्हणून करार व्यर्थ होत नाही. त्याखालच्या उदाहरणात एक माणूस हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचे कबूल करतो. त्याने मोकळ्या मनाने कबूल केले असेल, तर करार पक्का.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे अन्यायाचे वाटते. मला मात्र यात एक शहाणपण दिसते. वस्तूला एकच खरी किंमत असते असे धरले, तर प्रत्येक सौदा न्यायालयात फिरवता येईल आणि कोणाचीच खरेदी कधी पक्की होणार नाही. मामा भाच्याला स्वस्तात घर देतो, कोणी गाव सोडताना घाईने म्हैस विकतो, कोणाला शेजाऱ्याचेच दोन गुंठे हवे असतात म्हणून तो दुप्पट मोजतो. या सगळ्यांत माणसाला आपले बरेवाईट कळते, असे कायदा धरून चालतो. हा माणसाला दिलेला मान आहे. निबंधक कार्यालयात शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांशी, म्हणजे रेडीरेकनरशी, किंमत ताडून पाहतात, पण ती मुद्रांक शुल्कासाठी. तक्त्यापेक्षा कमी किंमत लिहिली तरी शुल्क तक्त्याप्रमाणे घेतले जाते. विकणाऱ्याला कमी मिळाले, म्हणून ती तपासणी सौदा अडवत नाही.

मोबदला अजिबात नसतानाही करार टिकतो, अशीही एक जागा आहे. जवळच्या नात्यातल्या माणसांत स्वाभाविक प्रेमापोटी झालेला करार लेखी आणि नोंदणीकृत असेल, तर कलम २५ तो मानते. रायगड जिल्ह्यात हे प्रेम कागदावर सर्वांत जास्त कुठे दिसते, तर बहिणींच्या हक्कसोडपत्रात. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर बहिणींची नावे लागतात आणि मग एखाद्या सणाला माहेरी आलेल्या बहिणीला भाऊ निबंधकाकडे घेऊन जातो. भाताची खाचरे होती तोवर यात फारसे कोणाला खटकत नसे. त्याच खाचरांच्या बदल्यात भूखंड मिळू लागल्यावर (ते कसे, ते पुढे येईल) हे कागद न्यायालयात येऊ लागले. प्रेम होते का, हा प्रश्न न्यायालये खरोखर विचारतात. १९०० सालच्या कलकत्त्याच्या एका प्रकरणात नवऱ्याने बायकोला पोटगी लिहून दिली होती, पण त्याच कागदात दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. न्यायालय म्हणाले, नाते जवळचे आहे, पण इथे प्रेम दिसत नाही, म्हणून मोबदल्याशिवायचा हा करार टिकत नाही. बहिणींच्या कागदांवरही हाच प्रश्न इतक्याच गांभीर्याने विचारला जावा, असे मला मनापासून वाटते.

आता घोड्याकडे परत वळू, कारण कायद्यात त्याचे दुसरे उदाहरण लगेच खाली आहे. घोडा तोच, दहा रुपये तेच. पण आता विकणारा म्हणतो, माझी संमती मोकळी नव्हती. अशा वेळी किंमत इतकी कमी असणे ही गोष्ट न्यायालयाने विचारात घ्यायची. म्हणजे कमी किंमत हा स्वतःहून दोष नाही, तो पुरावा आहे. ज्या सौद्यात संमतीविषयी शंका आहे, त्यात किंमत बोलू लागते.

हे तत्त्व १८७२ मध्ये कायद्यात लिहिले गेले. प्रत्यक्षात संमती किती पातळ असू शकते, हे दाखवले महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातील सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे, वह्या काढून जाळल्या. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला तेजी आली तेव्हा कर्ज सहज मिळाले. तेजी ओसरली, सारा वाढला आणि कर्ज मात्र उभेच राहिले. पण लोकांनी माणसे सोडून कागद जाळले, हे लक्षात घ्यायला हवे. त्या कागदांवर प्रतिफल मिळाल्याची कबुली होती. पन्नास घेतलेल्याने शंभर मिळाले असे लिहून दिलेले, थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा केलेला, आणि खाली वाचता न येणाऱ्या माणसाच्या हाताने काढलेली नांगराची निशाणी. न्यायालयात तो रोखा दाखवला, की करार सिद्ध झाला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात न्यायाधीशाला सांगितले गेले, की रोख्यावर थांबू नका, व्यवहार सुरू झाल्यापासूनचा इतिहास तपासा, प्रत्यक्ष किती दिले आणि किती फिटले ते काढा. शेतकऱ्यांचे दस्त लिहिण्यासाठी गावनिबंधक नेमण्यात आले, म्हणजे कागद सावकाराच्या ओसरीवर न होता तिसऱ्या माणसासमोर होईल. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत हे मोठेच धाडस होते. कागद हा शेवटचा शब्द असतो, ही समजूत दख्खनपुरती तरी बाजूला ठेवली गेली.

वीस वर्षांनी, १८९९ मध्ये, करार कायद्याचे कलम १६ नव्याने लिहिले गेले आणि कलम १९ अ जोडले गेले. आता नियम असा झाला, की एक पक्ष दुसऱ्याची इच्छा दाबू शकेल अशा जागी असेल आणि सौदा वरकरणीच अन्याय्य दिसत असेल, तर दबाव टाकला नाही हे त्या वरचढ पक्षाने सिद्ध करायचे. खालच्या उदाहरणात कर्जदार आहे आणि त्याच्याच गावचा सावकार आहे. कलम १९ अ खाली एक शेतकरी शंभर रुपये घेऊन दोनशेचा रोखा लिहून देतो, महिना सहा टक्के व्याजाने. न्यायालय रोखा रद्द करून शंभर रुपये आणि वाजवी व्याज तेवढे द्यायला लावू शकते, असे कायदा सांगतो. हे वाचताना मला सुप्याचा बाजार आठवल्याशिवाय राहत नाही.

इथवरची गोष्ट दोन माणसांमधली. पनवेलची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण इथे घेणारे सरकार होते आणि संमती विचारलीच गेली नव्हती.

मुंबईला जोडशहर हवे म्हणून १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. पहिल्या अधिसूचना फेब्रुवारी १९७० च्या. आगरी, कोळी, कराडी समाजाची भातखाचरे, खारजमिनी, मिठागरे. लागू होता भूसंपादन कायदा, १८९४. संपादनाला करार म्हणत नाहीत, कारण मालकाला नाही म्हणायची सोयच नाही. मग करार कायदा जो प्रश्न टाळतो, तोच इथे विचारावा लागतो, की रास्त किंमत कोणती? जिथे संमती आहे तिथे किंमत तोलायची गरज नाही, आणि जिथे संमती नाही तिथे कोणीतरी किंमत तोललीच पाहिजे.

१८९४ च्या कायद्याने ती कशी तोलायची हे कलम २३ आणि २४ मध्ये ठरवले होते. बाजारभाव धरायचा, तो अधिसूचनेच्या दिवशीचा. राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा यांच्यात जी किंमत ठरली असती ती, असा न्यायालयांनी त्याचा अर्थ लावला. म्हणजे न झालेल्या कराराची कल्पना करून झालेल्या संपादनाचे दाम काढायचे. त्यापुढचे कलम २४ मला फार कठोर वाटते. जमीन सोडायची मालकाची नाखुशी विचारात घ्यायची नाही, असे त्यात लिहिले होते. आणि ज्या कामासाठी जमीन घेतली त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढही विचारात घ्यायची नाही. खारघरच्या किंवा कळंबोलीच्या शेतकऱ्याला याचा अर्थ असा, की इथे शहर होणार आहे म्हणून तुझी जमीन हवी आहे, पण भाव शहराचा नाही, शेताचाच मिळेल.

नाखुशीची भरपाई म्हणून बाजारभावावर एक जादा रक्कम होती, दिलासा रक्कम. कायद्याच्या शब्दांत ती संपादन सक्तीचे आहे त्याचे प्रतिफल होती. संमती नसण्याचे हे दाम १८९४ पासून १५ टक्के होते. सप्टेंबर १९८४ च्या दुरुस्तीने ते ३० टक्के झाले. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, ते १०० टक्के केले. एकशे एकोणीस वर्षांत एकाच गोष्टीचा भाव पंधरावरून शंभरावर गेला. ही चढती रेघ लोकांच्या लढ्यांशिवाय ओढली गेली असती, असे मला वाटत नाही.

त्यातला एक लढा इथलाच. जासईचे दि. बा. पाटील पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे अनेक वर्षांचे आमदार आणि पुढे खासदार. त्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला नकार दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी जानेवारीत त्यांना अभिवादन होते.

या आंदोलनातून जे मिळाले ते मोबदल्याच्या विचारात खरोखर नवे होते. राज्य शासनाने १९९० मध्ये निर्णय घेतला आणि १९९४ मध्ये तो सुधारला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची. एक एकर गेली असेल तर चाळीस गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के वजा होतात आणि हातात साडेतीन गुंठे येतात, साधारण ३५० चौरस मीटर. आकड्याने हे थोडेच आहे. पण त्याचे महत्त्व आकड्यात नाही. कलम २४ ने जे हिशेबातून काढून टाकले होते, म्हणजे शहर झाल्यामुळे होणारी वाढ, त्यात शेतकऱ्याला वाटा मिळाला. रोख पैसा त्या दिवशीच्या भावाला गोठतो, भूखंड शहराबरोबर वाढतो. दि. बां.ना हे कळले होते, आणि अनेक अर्थशास्त्रज्ञांच्या आधी कळले होते, असे मी म्हणेन. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, कोपर, चिंचपाडा, वाघिवली अशा दहा गावांची जमीन हवी होती, तेव्हा २०१४ मध्ये हाच आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. त्यांचे विकसित भूखंड पुष्पकनगरात आखले गेले.

कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, देण्याघेण्याचा हा वाद नवा नव्हता. अलिबाग तालुक्यातल्या चरीत १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी खोतांची शेते कसायला नकार दिला. नेते होते नारायण नागू पाटील. कबुलायतीत, म्हणजे कुळाने खोताला लिहून दिलेल्या करारात, पिकाचा किती वाटा खोताला जावा, हाच त्यांचा प्रश्न होता, आणि कबुलायती राजीखुशीच्याच म्हणवल्या जात.

पनवेल तालुक्यात अशीही माणसे आहेत ज्यांच्या संमतीवर कायदा अजिबात विसंबत नाही. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि त्याआधी शासनाची मान्यता. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या आदिवासी जमिनी परत देण्याचा स्वतंत्र कायदाही राज्याने केला. काहींना वाटते, की यामुळे आदिवासीला आपल्याच जमिनीचा चांगला भाव घेता येत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण महामार्गालगतच्या जमिनीला फार्महाऊसचे गिऱ्हाईक आले, की शंभर सह्या सहज मिळतात आणि भाव एका पिढीलाही पुरत नाही. म्हणून ही मंजुरीची अट राहावी, असेच माझे मत आहे.

साडेबारा टक्क्यांचे पुढे काय झाले, हे या प्रकरणातले सर्वांत कठीण पान. भूखंडाचे वाटप व्हायला वर्षे लागली. तोवर घरात लग्न निघाले, आजारपण आले, घर बांधायचे झाले. मग पात्रता ठरण्याआधीच अनेकांनी आपला हक्क गुंतवणूकदाराला विकला. विसार घेतला, साठेकरार झाला, कुलमुखत्यारपत्र दिले. वाटपानंतर सिडको, मूळ लाभार्थी आणि नवा घेणारा यांच्यात त्रिपक्षीय करारनामा होतो आणि भूखंड घेणाऱ्याच्या नावे जातो. कुठे रोख मिळाली, कुठे होणाऱ्या इमारतीत सदनिका ठरल्या. सरकारशी लढून मिळवलेला शहराच्या वाढीतला वाटा असा पुन्हा एका दिवसाच्या भावाला गोठला, आणि या वेळी कागदावर राजीखुशी होती.

मग एखादा म्हातारा शेतकरी किंवा त्याची मुले वकिलाकडे येतात. फार स्वस्तात दिले, असे सांगतात. एवढ्यावर दावा चालत नाही, हे वकिलाने त्यांना पहिल्यांदा सांगायला हवे. घोडा दहा रुपयांना देणाऱ्याचा करारही पक्का असतो. विचारायचे ते वेगळे असते. पैसे खरोखर किती हातात आले, बँकेतून की रोख, पावतीवर आकडा कोणी लिहिला? कागद वाचून कोणी दाखवला, कोणत्या भाषेत? घेणारा आधीपासून उसनवारी देत होता का, म्हणजे शेतकऱ्यावर त्याची पकड होती का? मुखत्यारपत्र नेमके कशासाठी दिले होते? भूखंड कुठल्या नोडमध्ये, म्हणजे नव्या शहराच्या कुठल्या भागात, मिळणार हे घेणाऱ्याला ठाऊक आणि देणाऱ्याला अंधारात, असे होते का? सदनिका ठरल्या असतील तर किती चौरस फुटांच्या, कोणत्या मजल्यावर, कधीपर्यंत, हे लिहिले आहे का? यातून घेणारा वरचढ जागी होता असे दिसले आणि किंमत डोळ्यांत भरण्याइतकी कमी निघाली, तर कलम १६ प्रमाणे सिद्ध करायचे ओझे घेणाऱ्यावर पडते. अपुरी किंमत तेव्हा कामाला येते, त्याआधी नाही.

हे सगळे वेळेत व्हावे लागते. दस्त रद्द करून मागण्याची मुदत, ज्या गोष्टीमुळे तो रद्द होऊ शकतो ती कळल्यापासून, तीन वर्षांची आहे.